ज्याला अडवायचंच नाही, त्याच्याकडे बघा

रात्रीच्या सामन्याला गर्दीत उभं राहून, पुढच्याच्या खांद्यावरून कबड्डी बघितलीय ना? मग अमेरिकन फुटबॉलमधलं 'ऑप्शन' समजायला तुम्हाला पाच मिनिटं पुरतील. मला दोन महिने लागले, कारण मी यूट्यूबवरून सुरुवात केली, मैदानावरून नाही.

सांगलीच्या काशिलिंग आडके किंवा नितीन मदनेची चढाई आठवा. समोर सात जण, पण नजर कोपऱ्यावर. कोपरा झेपावला तर हात मारायचा, मागेच थांबला तर पाय बोनस रेषेकडे. आधी काहीच ठरलेलं नसतं. समोरचा काय करतो ते बघायचं आणि त्याला चुकीचं ठरवायचं.

ऑप्शन म्हणजे नेमकं हेच. फुटबॉलमध्ये अकरा विरुद्ध अकरा. पण चेंडू घेऊन पळणारा आणि त्याच्या हातात चेंडू देणारा क्वार्टरबॅक, हे दोघं कुणाला अडवत नाहीत. म्हणजे नऊ जणांनी अकरांना रोखायचं. गणित जमतच नाही! त्यावर उपाय भन्नाट आहे: दोघांना मुद्दाम मोकळं सोडायचं.

क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटाशी धरतो, पण बघत असतो पहिल्या मोकळ्या गड्याकडे. तो फुलबॅकवर धावला, की चेंडू काढून घ्यायचा आणि स्वतः बाहेरून पळायचं. तिथे दुसरा मोकळा गडी उभा. तो अंगावर आला, तर चेंडू शेजारून पळणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा. नाही आला, तर स्वतःच पुढे. तीन वाटा, म्हणून 'ट्रिपल ऑप्शन'. सगळा निर्णय एखाद्या सेकंदाचा. आणि दोघांना सोडल्यामुळे वाचलेली माणसं कुठे जातात? आतल्या धिप्पाड गड्यावर दोघं मिळून तुटून पडतात, किंवा त्याला वळसा घालून मागच्या फळीला गाठतात. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, पण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो आणि आपल्याला ती दिसतच नाही.

१९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठानं तीन धावपटू मागे बेचकीच्या आकारात उभे करून हा खेळ गाजवला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण आज तो कुणाच्या कामाचा आहे, ते महत्त्वाचं. अमेरिकेच्या नौदल अकादमीचा संघ म्हणजे उद्याचे अधिकारी. आपल्या सातारच्या सैनिक शाळेतल्या मुलांना विचारा, तिथे अगडबंब होऊन चालत नाही. समोर मात्र नोत्र दामसारखे तगडे संघ. नौदल त्यांच्याकडून सलग ४३ वेळा हरलं होतं. २००७ मध्ये हाच ऑप्शन खेळत, तिसऱ्या जादा डावात त्यांनी ४६-४४ असा सामना काढला.

लहान चणीच्या गड्याचं आणखी एक हत्यार होतं: मोठ्याच्या कमरेखाली धडक. आपल्याकडे घोट्याची पकड असते ना, हेतू तोच. उंची-वजन निकामी करायचं. दुखापतींमुळे २०२२ पासून तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये त्यावर कडक मर्यादा आल्या. गुडघे वाचले पाहिजेत हे मान्य, पण नियमाचा फटका बारक्यांनाच जास्त बसला. लष्कराच्या अकादमीनं २०२३ मध्ये खेळाची पद्धतच बदलून बघितली, जमलं नाही. २०२४ मध्ये ते पुन्हा ऑप्शनकडे वळले, १२ सामने जिंकले आणि आपल्या गटाचं विजेतेपदही घेतलं.

पुढच्या वेळी कबड्डीला जाल तेव्हा दोन चढाया चढाईपटूकडे बघूच नका. डावा कोपरा धरून बसा. तो कधी फसतो, ते चढाईपटूच्या आधी तुम्हाला दिसतं का बघा.