हस्तोद्योग आणि मुख्याध्यापक

वर्ध्यास ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षणपरिषद भरली, तिचा भार मारवाडी शिक्षण मंडळानें, म्हणजे जमनालाल बजाजांसारख्या व्यापाऱ्याच्या संस्थेनें, उचलला होता, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं विसरूं नये. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं गुंफावें, असें तेथें ठरलें. शिक्षकाचा पगार मुलांच्या कामांतून निघावा, ही गांधीजींची अपेक्षा, परंतु डॉ. झाकीर हुसेन समितीनेंच बजावलें कीं, उत्पन्नाच्या नादीं लागल्यास शिक्षक मुलांना नुसतें राबवून घेतील.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणानें सहावीपासून व्यवसायशिक्षण पुनः पुढें आणलें आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांपुढें आतां खरा प्रश्न आहे. उद्योगाचा तास गणितांत मागें पडलेल्या मुलांच्याच माथीं मारणार, कीं वकील-सावकारांच्या मुलांसही रंधा हातीं धरावयास लावणार? आणि पदवी नाहीं म्हणून सुतारास दाराबाहेर ठेवणारी शाळा सुतारकाम शिकविणार तरी कशी? त्यास शिक्षकांच्या खोलींत खुर्ची दिलीच पाहिजे. कांहीं पदवीधरांच्या कपाळास आठ्या पडतील, त्या पडोत. सेवाग्रामचें आनंद निकेतन २००५ पासून पुनः चालूं आहे. जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांनीं परिपत्रकाची वाट न पाहतां तेथें आठ दिवस काढावेत.