बंद्या रुपयाची राखण

घरात सोनं किती आहे, हे कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पाटल्या किती तोळ्यांच्या, मोहनमाळ कुणाकडून आली, सगळं तोंडपाठ. पण देवघराच्या खणातल्या किंवा सासऱ्यांच्या जुन्या पेटीतल्या नाण्यांचं विचारा. "असतील वीस-पंचवीस राणीचे रुपये, थोडे तांब्याचे पैसे," एवढंच उत्तर येतं. लक्ष्मीपूजनाला ती बाहेर निघतात, हळदी-कुंकू लागतं आणि परत फडक्यात बांधली जातात.

आमच्याकडेही सासऱ्यांनी हौसेने जमवलेली नाणी आहेत. जमवली त्यांनी, सांभाळायची मात्र मी. बहुतेक घरांत असंच असतं, म्हणून आज मैत्रिणींशी याबद्दल बोलावंसं वाटलं.

चोराला काय दिसतं?

चोर काही नाणेतज्ज्ञ नसतो. त्याला दिसते फक्त चांदी. व्हिक्टोरिया राणीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे शंभर रुपयांची पिशवी एक किलोच्या वर जाते. चोर ती वजनावर विकणार आणि घेणारा ती आटवणार. सहाव्या जॉर्जचा 1939 सालचा रुपया संग्राहकांमध्ये दुर्मीळ मानला जातो. मुशीत मात्र तो आणि ढिगाने मिळणारा 1918 सालचा रुपया सारखेच. तांब्याच्या शिवराईची तर आणखी वाईट गत. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं लिहिलेलं ते नाणं चोराच्या लेखी मोडीचा तुकडा. सोन्याच्या बांगड्या गेल्या तर दुःख होतं, पण पुन्हा घडवता येतात. नाणं आटलं की संपलं.

पहिलं कुलूप तोंडाला

पुष्कळदा घरात काय आहे याची बातमी आपणच बाहेर पोचवतो. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना कौतुकाने नाणी दाखवायची, मुलाने शाळेच्या प्रदर्शनात मांडायची, फोटो काढून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकायचे आणि मग मे महिन्यात कुलूप लावून महिनाभर माहेरी जायचं! कौतुक जरूर करावं, पण सगळं एकदम बाहेर काढू नये. प्रदर्शनात साधी नाणी मांडावीत. वर्तमानपत्रात बातमी येणार असेल तर घराचा पत्ता छापू नका म्हणावं आणि "मौल्यवान नाणी बँकेत असतात" हे वाक्य आवर्जून घालायला सांगावं.

"तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील" असे फोन आणि जाहिराती येतात, त्यांपासूनही सावध राहा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून कमिशन आणि कर उकळले जात असल्याचा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. नाणी बघायला म्हणून अनोळखी माणूस घरी येणार असेल तर सरळ नाही म्हणा.

कपाट, तिजोरी, लॉकर

'कडी-कोयंडा उचकटून चोरी' ही बातमी आपण नेहमी वाचतो. जाड कुलूप लावलं तरी कोयंडा दोन बारीक स्क्रूंवर लटकत असेल तर काय उपयोग? सुताराला बोलावून आरपार बोल्ट बसवून घ्या. मागचं दारही विसरू नका. बाहेर लोंबणारं कुलूप तर घरात कुणी नाही हेच ओरडून सांगतं. दाराच्या आत बसणारं लॅच बरं. गावाला जाताना शेजारणीला सांगून जावं. दारात रांगोळी नाही, तुळस सुकलेली, अंगणात पेपर पडलेले, यावरूनच बंद घर ओळखू येतं.

लोखंडी कपाट, गादीखाली किल्ली, तांदळाचा डबा, देवघराचा खण या आपल्या 'गुप्त' जागा चोरालाही ठाऊक असतात. छोटी तिजोरी घेतलीत तर ती भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने जखडून घ्या, नाहीतर चोर तिजोरीच उचलून नेतो. बंद तिजोरीत दमट हवा कोंडते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नका, कालांतराने त्यांवर हिरवट चिकट थर धरतो.

खरोखर मोलाची चार-दहा नाणी बँकेच्या लॉकरमध्येच बरी. लॉकर दोघांच्या नावाने घ्यावा, वारसाचं नाव नोंदवावं. मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. त्यात पूर धरलेला नाही. नदीकाठच्या गावात लॉकरची खोली कितव्या मजल्यावर आहे, हेही विचारून घ्यावं.

घराचा विमा असेल तर कागद नीट वाचा. घरफोडीचं संरक्षण बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं. नाण्यांची यादी आणि किंमत स्वतंत्रपणे नोंदवलेली नसेल तर "भरपाईत बसत नाही" हे ऐकायची वेळ येते.

खरी राखण वहीत

ओळखीच्या एका काकूंकडे घरफोडी झाली. पोलिसांनी चोर पकडला, काही रुपये आटवण्याआधीच सापडले. पण त्या मुद्देमालात दोन-तीन घरांची नाणी मिसळलेली! साहेबांनी विचारलं, "यांतले तुमचे कुठले?" काकू म्हणाल्या, "राणीचे बावीस होते." सगळेच राणीचे, ओळखणार कसे? त्यांना खात्रीने ओळखता आला तो एकच. नवऱ्याच्या लहानपणी गळ्यात बांधण्यासाठी त्या रुपयाला कडी डाग देऊन लावली होती. संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेलं ते नाणं तेवढं सोडवून आणता आलं. बाकीच्यांसाठी सांगण्यासारखी खूणच नव्हती.

म्हणून नाण्यांची वही करा. दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक द्या. नाव, साल, वजन, व्यास आणि ते घरात कुणाकडून आलं ते लिहा. वजनासाठी दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा काटा मिळतो, नाहीतर ओळखीच्या सराफाकडे स्वतः समोर बसून करून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून काढा.

शिवराईसारखी जुनी नाणी हाताने ठोकलेली असतात. कुणाची अक्षरं काठाबाहेर गेलेली, कुणाचा ठसा एका बाजूला सरकलेला. दोन शिवराया तंतोतंत सारख्या मिळणं कठीण, तेव्हा चांगला फोटो हाच त्यांचा पुरावा. राणीचे रुपये यंत्रावर पाडलेले आणि एकसारखे. त्यांच्यावरचा ओरखडा, डाग, काठावरची खाच मुद्दाम लिहून ठेवावी. स्वतःहून खूण कोरायला मात्र जाऊ नका, नाण्याची किंमत उतरते. दिवाळीत तांब्या-भांड्यांबरोबर नाणीही चिंच लावून लख्ख करायची हौस आवरा. त्या काळपट थरावरच त्याची किंमत असते आणि ओळखही.

वहीची एक प्रत मुलीकडे किंवा बहिणीकडे ठेवा. फोटो फक्त मोबाइलमध्ये नकोत, चोराबरोबर तोही जायचा.

चोरी झालीच तर

घरात काहीही न हलवता 112 ला फोन लावा. तक्रारीला यादी आणि फोटो जोडा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात ऑनलाइन माहितीही देता येते. तीन दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. त्याच दिवशी यादीच्या प्रती गावातल्या सराफांना आणि जवळच्या शहरातल्या नाणे-विक्रेत्यांना पोचवा. मुशीत जाण्याआधी नाणं अडवायचं तर सगळा खेळ या पहिल्या काही तासांचा असतो.

आपल्याकडे नक्की काय आहे हे कळत नसेल, तर आधी माहिती करून घ्यावी. मुंबईच्या फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीला असलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था, अशी ठिकाणं आपल्याच राज्यात आहेत. जाताना नाणी नेऊ नका, फोटो न्या.

या लक्ष्मीपूजनाला नाणी बाहेर निघतील. हळदी-कुंकू शेजारच्या सुपारीला वाहा, नाण्यांना नुसता नमस्कार पुरे. दुसऱ्या दिवशी ती फडक्यात बांधण्याआधी मुलांना शेजारी बसवा. एकाने वजन करावं, एकाने फोटो काढावा, तुम्ही लिहा. आजोबांनी काय जमवलं हे मुलांनाही कळेल आणि पुढची राखण करणारं कुणीतरी तयार होईल.