आधी दस्ता, मग बॅरल
नगरच्या नेमबाज मित्रांनो, पहिली मॅच रायफल बांधून घेताय? आधी दस्त्याचं माप बघा. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकलं, ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावर, पालथं आणि उभं. तिन्ही वेळा खांदा, मान, गाल वेगळ्या जागी येतात. म्हणून बटप्लेट आणि गालपट्टी सरकणारीच हवी. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. डायऑप्टरमधून, म्हणजे मागच्या साइटमधून, पुढची रिंग मधोमध दिसायलाच हवी. कारण लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं आहे! काडतुसांचा लॉटही तपासून घ्या, कारण लॉट बदलला की त्याच बॅरलचा ग्रुप बदलतो. परवान्याचं काम मात्र ऑर्डर देण्याआधीच उरका.