तो, ती, ते : घरचे व्याकरण

व्याकरण म्हटले की पुष्कळ माणसे बिचकतात. मूल शाळेतून येते आणि विचारते, "आये, गाय कोणत्या लिंगाची?" आई म्हणते, "मला काय ठावं बाबा? मी आत्ता कुठं अक्षरं लावायला लागले." मग मूल एकटेच पाठ करीत बसते. पाठ झाले नाही की आपल्याला मराठी येत नाही, असे त्याला वाटू लागते. आपल्याच आईची भाषा, आणि तिचीच धास्ती!

खरे म्हणजे ते व्याकरण मुलाला तुम्हीच शिकवले आहे. "तो गाय आला" असे तुम्ही कधी म्हणता का? "ती गाय आली" असेच म्हणता. हेच व्याकरण. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीचे व्याकरण १८३६ साली छापले. ज्ञानेश्वरी त्याच्या सुमारे साडेपाचशे वर्षे आधीची. म्हणजे बोलणे आधी, व्याकरण मागून. बोलण्यात जे नियम असतात, ते व्याकरणाने मांडून दाखवले, इतकेच.

तेव्हा स्वयंपाक करता करता खेळ मांडा. तुम्ही भांड्याचे नाव घ्या, मुलाने तो, ती की ते, एवढेच सांगावे. तवा? तो तवा. घागर? ती घागर. ताट? ते ताट. मग मुलाने विचारावे, तुम्ही सांगावे. मुद्दाम एखादे चुकवा. "तो परात" म्हणा. मूल खो खो हसेल आणि तुम्हाला सुधारील. शाळा 'तो'ला पुल्लिंग म्हणते, 'ती'ला स्त्रीलिंग आणि 'ते'ला नपुंसकलिंग. घागर काही बाई नव्हे, तवा काही बाप्या नव्हे. भाषेने तसे ठरवले आहे. पण ही मोठी नावे शाळेत येतील तेव्हाच घ्या. लहान पोराला तो, ती, ते पुरे.

गोठ्यात गेलात तर रंगांचा डाव खेळा. काळा बैल, काळी गाय, काळं वासरू. 'काळा' हा शब्द जोडीदार बघून रूप बदलतो. आता 'लाल' घ्या. लाल बैल, लाल गाय, लाल वासरू. हा गडी जागचा हलत नाही! पांढरा, हिरवा, मोठा, गोड, कडू यांतले कोण बदलतात आणि कोण हटून बसतात, ते मुलालाच शोधू द्या. मुले यात फार रमतात.

लहान मूल म्हणते, "मी काम करलं." हसू नका, रागावूही नका. धर-धरलं, भर-भरलं, तसे कर-करलं, असा हिशेब त्याने आपल्या डोक्याने केला आहे. हिशेब बरोबर, शब्द तेवढा आडमुठा. तुम्ही फक्त म्हणा, "हो का? काम केलंस? शाबास!" 'पाणीत' म्हणाले तर "होय, मासा पाण्यात असतो" म्हणा. बरोबर शब्द कानावर पडत गेला की जिभेवर बसतो.

घरच्या बोलीलाही नावे ठेवू नका. घरी 'न्हाई', शाळेत 'नाही'. एक घरचा शब्द, एक लिहिण्याचा. मुलाला दोन्ही यावेत. घरचा शब्द अडाणी म्हटला तर मूल वर्गात तोंडच उघडणार नाही. आणि वाद तरी किती घालायचा? तंबाखू कोणाचा 'तो', कोणाची 'ती'. दोन्ही चालतात. 'पोर' हा शब्द तर तिन्हीकडे बसतो. तो पोर, ती पोर, ते पोर!

आता तुम्हीही लिहू लागला आहात. खडूने जमिनीवर तीन चौकोन काढा. एकात तो, दुसऱ्यात ती, तिसऱ्यात ते लिहा. वाटी, पळी, लाटणे, तांब्या, सूप, जे हाताला येईल ते मुलाने आपापल्या चौकोनात ठेवावे. मग एकेका वस्तूचे नाव तुम्ही शेजारी लिहा आणि मुलाने वाचावे. तुमचे अक्षर वाकडे आले तर ते सांगेलच. पुसा, पुन्हा लिहा. दोन-तीन डाव झाले की भांडी उचला. मूल जांभया देऊ लागले तर त्याआधीच.