वास नसलेल्या गॅसचा वास

'स्वयंपाकाच्या गॅसचा एखादा गुणधर्म सांगा', असे वर्गात विचारले की पहिले उत्तर हमखास येते, 'त्याला घाण वास येतो.' हे उत्तर मुलांच्या अनुभवातून आलेले असते, त्यामुळे ते चूक आहे असे सांगणे आपल्याला जरा जड जाते. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते चूकच आहे. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू असतात आणि या दोघांनाही म्हणण्यासारखा वास नसतो. मग आपल्या नाकाला जाणवतो तो वास कोणाचा? या एका प्रश्नाचा धागा धरून हायड्रोकार्बनचा बराचसा धडा शिकवता येतो.

सुरुवात कार्बनपासून करू. कार्बनच्या अणूला चार हात असतात, असे आपण मुलांना सांगतो. चारही हातांनी एकेक हायड्रोजन धरला की मिथेन तयार होतो. दोन कार्बननी एकमेकांचा एकेक हात धरला आणि उरलेल्या सहा हातांत हायड्रोजन आले की इथेन. कार्बन तीन झाले की प्रोपेन, चार झाले की ब्युटेन. प्रत्येक पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढत जातात. हीच ती समजातीय श्रेणी. साखळी लांबली की रेणूंमधले आकर्षण वाढते आणि उत्कलनबिंदूही चढत जातो. मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणूनच प्रोपेन आणि ब्युटेन नेहमीच्या तापमानाला माफक दाबाखाली द्रव होतात व सिलिंडरमध्ये भरता येतात. मिथेनचे तसे होत नाही. शहरांत तो नळाने घरोघर येतो, तोही वायुरूपातच.

श्रेणीतले हे पहिले सदस्य रंगहीन आणि गंधहीन आहेत. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातल्या बंधात विद्युतभाराची ओढाताण फार थोडी असते, त्यामुळे असा लहान रेणू नाकातल्या ग्राहींना जवळजवळ जाणवतच नाही. येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, 'मग गोबरगॅसला वास कसा येतो?' गोबरगॅसमधला ज्वलनशील घटक मिथेनच असतो. वास असतो तो त्यात अल्प प्रमाणात मिसळलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. हा गंधकाचा मुद्दा लक्षात ठेवू, तो पुढे लागणार आहे.

गंधहीन असणे हा निरुपद्रवी गुण वाटतो. तो किती घातक ठरू शकतो हे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावाने पाहिले. खनिज तेलाच्या पट्ट्यातले हे गाव आणि तिथली सधन शाळा. तेलविहिरींतून निघणारा नैसर्गिक वायू खर्च वाचवण्यासाठी शाळेने तापयंत्रांकरिता घेतला होता. त्याला वास नव्हता. कुठेतरी गळती झाली आणि इमारतीच्या जमिनीखालच्या बंदिस्त पोकळीत वायू साठत गेला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हे खरे, पण वर जायला वाट असेल तरच तो जाईल. कोणाला काही कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास, कार्यशाळेतल्या एका शिक्षकांनी विजेचे यंत्र सुरू केले. ठिणगी पडली आणि इमारत कोसळली. सुमारे तीनशे जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते, काही शिक्षकही होते. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्साससाठी कायदा झाला, की वायूमध्ये वास येणारा पदार्थ मिसळलाच पाहिजे. ही प्रथा पुढे जगभर रुजली.

आपल्या सिलिंडरमध्ये मिसळला जाणारा असा पदार्थ म्हणजे इथाइल मर्कॅप्टन. त्याचा रेणू ओळखीचाच आहे. इथाइल अल्कोहोलमधला ऑक्सिजन काढून त्याजागी गंधक बसवला की झाला इथाइल मर्कॅप्टन. साखळी तीच, फक्त क्रियात्मक गट बदलला. पण एका अणूच्या बदलाने किती फरक पडतो पाहा. हवेच्या अब्जावधी रेणूंत याचे मोजके रेणू असले तरी नाक ते ओळखते. 'मर्कॅप्टन' या नावाचा अर्थ 'पाऱ्याला पकडणारा'. डॅनिश रसायनज्ञ झाइझे यांनी १८३४ मध्ये हे संयुग तयार केले तेव्हा ते पाऱ्याशी चटकन संयोग पावते असे त्यांना आढळले, त्यावरून हे नाव पडले. शेगडी पेटलेली असताना मर्कॅप्टनही जळून जातो, म्हणून वास येत नाही. वास आला तर न जळलेला गॅस बाहेर पडतो आहे, असे समजावे.

आता हा गॅस खोलीत जातो कुठे? रेणुवस्तुमाने काढू. मिथेन १६, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. हवेचे सरासरी मूल्य सुमारे २९. म्हणजे ब्युटेन हवेच्या दुप्पट जड. गळलेला स्वयंपाकाचा गॅस पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो.

वर्गात हे दाखवण्यासाठी गॅस मुळीच वापरू नये. कार्बन डायऑक्साइडचे रेणुवस्तुमानही ४४ आहे, अगदी प्रोपेनइतकेच. एका उभट भांड्यात एक आखूड आणि एक उंच मेणबत्ती पेटवून ठेवा. दुसऱ्या भांड्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला. फेस बसू लागला की द्रव सांडू न देता वरचा वायू मेणबत्त्यांच्या भांड्यात कडेने हळूच ओता. आखूड मेणबत्ती आधी विझते. गॅसही असाच तळाशी साठतो. फरक इतकाच, की तो ज्योत विझवत नाही, स्वतः पेट घेतो.

किती गॅस गळला तर धोका? स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ टक्के झाला की मिश्रण पेटू शकते. ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि ३ मीटर उंच स्वयंपाकघर घेऊ. त्याचे आकारमान २२,५०० लिटर. त्याचे २ टक्के म्हणजे ४५० लिटर, वजनात सुमारे ९४० ग्रॅम. पण गॅस फक्त खालच्या ३० सेंटिमीटरच्या थरात साठला, तर ४५ लिटर पुरतात. म्हणजे शंभर ग्रॅमपेक्षाही कमी! भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणूनच गॅसचे प्रमाण या मर्यादेच्या एक पंचमांश असतानाच वास यावा, असा दंडक ठेवलेला असतो.

मात्र नाकालाही मर्यादा आहेत. एकच वास बराच वेळ घेतला की नाक त्याला सरावते. सर्दीत वास येत नाही. २०२० नंतर करोनाच्या साथीत तर कित्येकांची वासाची जाणीव काही काळ गेली होती. म्हणून रोज रेग्युलेटर बंद करण्याची सवय हवी आणि नळीच्या जोडांवर अधूनमधून साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहावे. काडी पेटवून गळती कधीही शोधू नये. वास आलाच तर विजेचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. शेगडी व रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जावे आणि तिथून १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

आज अनेक शाळांत पोषण आहार गॅसवर शिजतो. हा धडा शिकवून झाला की विद्यार्थ्यांसह त्या खोलीत एक फेरी मारावी. खोलीची मापे घेऊन वरचे गणित पुन्हा करायला सांगावे. आणि एक प्रश्न विचारावा: या खोलीत जमिनीलगत हवा बाहेर जायला वाट आहे का? उत्तर 'नाही' असे आले, तर पुढची कृती काय हे मुलेच सांगतील.