काठावरचा शिक्का

चादर घेताना आमची आई आधी काठ बघायची, रंग नंतर. काठावर गिरणीचं नाव छापलेलं असे. धुऊन धुऊन ते पुसट होई, तोवर चादरही घरातली झालेली असे. संपादकांनी ‘गिरण्यांची दुकानं’ हा विषय सांगितला तेव्हा मला आधी तो काठच आठवला. तेव्हा आढावा तिथूनच सुरू करतो. कावसजी दावरांच्या मुंबईतल्या पहिल्या गिरणीपासून सुरुवात करून पानं भरायची, हे आता माझ्याच्यानं होत नाही आणि अंकाच्या वाचकाला त्याची गरजही नाही.

अंगावरच्या कापडाचंही लवकर आटपतो. खटावची वॉइल, फिन्लेची मलमल, मफतलालचं शर्टिंग, अहमदाबादहून येणारं कॅलिको, मद्रासचं बिन्नी, सगळ्यांची आपापली गिऱ्हाइकं होती आणि त्यांच्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. बंद पडलेल्या गिरण्या ताब्यात घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या दुकानांत ट्यूबलाइट लुकलुकत आणि नोकर पेपर वाचत. पुढे जाऊ.

माझा प्रांत अंथरुणाचा. आणि अंथरूण म्हटलं की बॉम्बे डाईंग.

१८७९ साली नवरोजी वाडियांनी सूत रंगवायचा लहानसा कारखाना काढला. सूत हातानं रंगात बुडवायचं आणि उन्हात वाळत घालायचं. रंग तीनच: लाल, हिरवा, नारिंगी. नावातलं ‘डाईंग’ तिथलं. त्या तीन रंगांपासून गुलाबांच्या ताटव्यांपर्यंत आणि निळ्या-करड्या चौकटींपर्यंत जो प्रवास झाला, तो आमच्यासारख्यांनी दुकानाच्या फळीसमोर उभं राहून पाहिला.

त्या आधी आमच्या घरी मांजरपाटाचे दोन पाट जोडून चादर शिवत. मधली शिवण पाठीला रुतायची. मोठ्या पन्ह्याची अखंड चादर आली आणि ती शिवण गेली. माझ्या दृष्टीनं मध्यमवर्गीय घरातली ही क्रांतीच, फ्रिज नंतरचा. पुढे रुखवतात डबलबेडची चादर आणि दोन अभ्रे मांडलेले दिसू लागले. पलंग बऱ्याचदा अजून यायचा असे.

आणि तो काउंटर! विक्रेता घडी हातात घेऊन असा झटका द्यायचा की चादर हवेत फुगून अलगद फळीभर पसरायची. मग न विचारता तो तिची उलटी बाजू दाखवी. यातच सगळं शास्त्र होतं. रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंधानं जोडला जातो, म्हणून कापड मऊ राहतं आणि रंग टिकतो. पिगमेंटची छपाई चिकट द्रव्याच्या आधारानं वर बसते. हाताला कडक लागते, घासून घासून विटते. आमचा नेहमीचा विक्रेता आधी एका गिरणीच्या घडी खात्यात होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घातलेला माणूस. अंगठा आणि तर्जनीत कापड चोळून तो नुसता “घ्या” किंवा “राहू द्या” म्हणायचा. “राहू द्या” म्हणणारा विक्रेता मला त्यानंतर भेटलेला नाही.

आमचे काही अभ्यासू मित्र दर परिसंवादात सांगतात की १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानं हे सगळं संपवलं. अडीच लाख कामगारांच्या चुली विझवणाऱ्या त्या संपाबद्दल मी हलकं बोलणार नाही. आमच्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं त्यानंतर गावी गेली. पण चादरीच्या दुकानांचा बहर संपानंतरचा आहे, हे या मित्रांना पटतच नाही. शशी कपूरचा मुलगा करण बॉम्बे डाईंगच्या जाहिरातींत झळकला तो ऐंशीच्याच दशकात. गिरणगाव ओसाड होत होतं आणि त्याच गिरणीच्या नावाची दुकानं उजळत होती. हे विचित्र आहे, पण आहे ते असं आहे. दुसरे मित्र हातमागवाले. त्यांच्या लेखी गिरणीचं कापड म्हणजे बाटलेलं. त्यांच्याही घरी पाहुण्यांच्या पलंगावर काय अंथरलेलं असतं, ते मी पाहिलं आहे.

दुकानं विरळ झाली ती वेगळ्या कारणांनी. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचं कापड स्वस्त होतंच. त्यात मॉल आले, मग फोनवरची खरेदी आली आणि कापड उलटं करून बघायची सोयच गेली. आता सगळे आकडा बघतात: चौरस इंचात किती धागे. गेल्या वर्षी सुनेनं एका ठिकाणाहून हजार धाग्यांची चादर मागवली. तीन धुण्यांत तिच्यावर गोळे आले. अहो, इंचभर जागेत सुती धागे बसून बसून बसणार किती? दुपदरी धाग्याचे पदर सुटे मोजले की आकडा आपोआप दुप्पट होतो. आमच्या घडी खात्यातल्या माणसानं अंगठ्यानंच निकाल दिला असता.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. बॉम्बे डाईंगच्या दादरच्या स्प्रिंग मिलच्या जागी मनोरे उभे आहेत. २०२० च्या मार्चमध्ये बॉम्बे डाईंगच्या आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली, तेव्हा संपाला अडतीस वर्षं झाली होती. २०२३ मध्ये बॉम्बे डाईंगची वरळीची सुमारे २२ एकर जागा एका जपानी कंपनीच्या उपकंपनीला ५,२०० कोटींना विकण्याचा व्यवहार जाहीर झाला. चादरी विकून एवढे पैसे मिळायला किती वर्षं लागली असती, हा हिशेब मी एकदा मांडायला बसलो आणि सोडून दिला.

दिवाळीची आवराआवर घरोघरी चालू असेल. माळ्यावरच्या ट्रंकेत गिरणीची जुनी चादर सापडली, तर पायपुसण्यासाठी फाडण्याआधी काठ उलगडून बघा. शिक्का वाचता येत असेल तर वीतभर पट्टी कापून या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. माझ्याकडे आजवर अकरा गिरण्यांच्या पट्ट्या जमल्या आहेत. खटावची मिळालेली नाही. साडीची असली तरी चालेल.