कोपराच्या मापाचा ओटा

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही पुण्यातल्या आमच्या घराचा ओटा काढायला घेतला. इमारत १९८० च्या दशकातली, स्वयंपाकघर ८ फूट बाय ९ फुटांचं. फोडाफोडीच्या आधी वायरमननं फ्रिजमागचा बोर्ड उघडला. आत तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या. वरची चिकटपट्टी हात लावताच भुगा होऊन खाली पडली आणि सांध्याजवळचं प्लॅस्टिक काळं पडलेलं दिसलं. या दोन धातूंचा असा सांधा हळूहळू गंजतो, सैल होतो आणि तापत राहतो. वायरमननं तो तुकडा तळहातावर ठेवून आईला दाखवला. म्हणाला, “काकू, यावर तुमचा फ्रिज चालत होता.” आई काहीच बोलली नाही. त्या बोर्डाखाली ती रोज भाजी निवडत बसायची.

तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. स्वयंपाकघर नवं करायचं म्हटलं की बोलणं रंगावर आणि शटरच्या चकाकीवर जातं. पण आपल्या स्वयंपाकघरांचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास पाहिला, तर एक गोष्ट ठळक दिसते. जे डोळ्यांसमोर होतं ते एकेक करून भिंतीत आणि दारांआड गेलं. चुलीतलं लाकूड समोर जळायचं. वैलावरचं भांडं, मोरीतलं पाणी, मांडणीवरचे डबे, शिंकाळ्यातलं दूध, सगळं नजरेच्या टप्प्यात असायचं. धूर मात्र सगळा बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा, म्हणून त्या स्वयंपाकघराचे गोडवे मला गाववत नाहीत. पण धोका कुठे आहे हे तेव्हा उघड दिसत होतं. आज तो दिसत नाही.

बसून करायचा स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला, त्याला इंधन बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला पंपाचा प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे फरफरत घरोघर आला. कुठे तो जमिनीवरच राहिला, कुठे फळीवर चढला. १९५० च्या दशकात मुंबईत बर्माशेलनं ‘बर्शेन’ नावानं सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली, १९६५ साली इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ आला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी असा गॅसचा नियम आहे आणि त्यामुळे ओटा गरजेचा झाला. विटांचे दोन पाय, त्यावर काळा कडप्पा, खाली सिलिंडर आणि बाजूला पाण्याचा पिंप, असं मराठी मध्यमवर्गाचं स्वयंपाकघर ठरून गेलं. आजही गावाकडे नवं कनेक्शन घेतलेल्या कितीतरी घरांत सवयीनं शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर तिच्या शेजारी ठेवलेला मी पाहते. तिथे पहिली सुधारणा म्हणजे विटांचा साधा ओटा. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल.

आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ जर्मनीत सापडतं. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं, म्हणजे आपल्या फुटांत साधारण सव्वासहा बाय सव्वाअकरा. रेल्वेच्या डब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा अभ्यास करून आणि कामाला लागणारा वेळ मोजून त्यांनी कपाटं, खण, ओटा यांची जागा ठरवली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. बायकांचे कष्ट वाचावेत ही त्यामागची तळमळ मला फार मोलाची वाटते. मात्र त्या आखणीत काम करणारी बाई एकटीच धरली होती. आपल्याकडे चकल्या घालताना एक सोऱ्यावर, एक कढईपाशी, एक कागदावर पसरायला अशा तिघी असतात. मागून कोणीतरी चहा मागायला येतंच. म्हणून परदेशी आखणी जशीच्या तशी उचलायची नाही.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण हा त्याच विचारातला पुढचा टप्पा. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत, असा संकेत आहे. आपल्या छोट्या घरांत त्रिकोण मोठा होण्याची भीती नसतेच, तो आखडण्याची असते. शेगडी आणि सिंक यांच्यात निदान २ फूट मोकळा ओटा हवा. तेवढ्यात परात मावते, आणि तापल्या तेलात पाण्याचे शिंतोडे उडत नाहीत. खिडकीसमोर शेगडी छान दिसते, पण वाऱ्यानं ज्योत विझली तर गॅस तसाच बाहेर पडत राहतो. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय नसेल, तर शेगडी खिडकीपासून बाजूलाच बरी.

ओट्याच्या उंचीवर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. जुना ओटा ३४ इंचांचा होता. माझी आई ४ फूट १० इंच. पुरण ढवळताना ती पायाखाली देवघरातला पाट घ्यायची आणि आम्हा मुलांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. तीस वर्षं ती खांदे वर उचलून ढवळत होती. माप घ्यायची रीत सोपी आहे. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. कणीक मळायला, भाजी चिरायला ओटा त्याहून ४ ते ६ इंच खाली हवा. शेगडीची जागा आणखी खाली, कारण शेगडीची आणि भांड्याची उंची त्यात मिळते. आम्ही शेगडीचा भाग २९ इंचांवर घेतला आणि चिरण्या-मळण्याचा ३४ वरच ठेवला, तो मला सोयीचा आहे. ओटा एका रेषेत नसेल तर बरं दिसत नाही, असं दोघातिघांनी सांगितलं. आईच्या खांद्यांपुढे ती रेष मला महत्त्वाची वाटली नाही.

आता प्रश्न येतो की यातलं काय आपल्या हातांनी करायचं. खडूनं जमिनीवर आणि भिंतीवर पूर्ण आकाराची आखणी करून चार दिवस त्यात स्वयंपाक करून पाहणं, जुनं फर्निचर काढणं, रंग, फळ्या, सिंकच्या कडेला सिलिकॉन भरणं, सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप उघडून साफ करणं, ही घरच्यांची कामं आहेत. ती केली की घराची ओळख होते. भिंत पाडायची असेल तर आधी ती कसली आहे ते इंजिनिअरला विचारावं. आरसीसी इमारतीतली ४ इंची आडभिंत वेगळी. जुन्या वाड्यांत आणि बैठ्या घरांत भिंतच वरचा भार पेलते. तुळई आणि खांब यांना छिन्नी लावायची नाही, मग पाइप कितीही आडवा येवो. सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि सिंक हलवून खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर नेऊ नये. फरशी उखडली असेल तर नव्या वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून खालच्या घरी ओल येते का ते पाहावं. तो शेजारधर्मच आहे. प्लाय घेताना सिंकखाली तरी ‘७१०’ मागावा. आयएस ७१० हे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं मानक आहे.

वीज आणि गॅस ही दोन कामं मात्र परवानाधारक माणसाचीच. पण ती नीट होतात की नाही हे कळण्याइतकं ज्ञान आपल्याला हवं.

विजेचा हिशेब अवघड नाही. उपकरणावर लिहिलेले वॅट भागिले २३० म्हणजे अँपिअर. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते, म्हणून ती ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर चालवायचीच नाही. तिला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, आणि त्यासाठी निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, थेट मुख्य बोर्डापासून. आता दिवाळीची पहाट डोळ्यांसमोर आणा. ३,००० वॅटचा गीझर, २,००० ची इंडक्शन, १,५०० चा मायक्रोवेव्ह. सगळे मिळून साडेसहा हजार वॅट, म्हणजे २८ अँपिअर. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो या बेरजेशी ताडून पाहावा आणि कमी पडत असेल तर वाढवून घ्यावा.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा बसवून घेणारी घरं मला माहीत आहेत. हे थांबवायला हवं. एमसीबी तारेला जपतो. तार तीच ठेवून तो मोठा केला, तर तो पडण्याआधी तारच पेटेल. आणि एमसीबी माणसाला वाचवत नाही, त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेली आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे ती कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली असं समजून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. प्लगची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब असते कारण तिनं सगळ्यांच्या आधी जोडलं जावं आणि सगळ्यांच्या शेवटी सुटावं. ती कापून दोन पिनांवर मिक्सर चालवणं म्हणजे ओल्या हातांनी नशिबावर भरवसा ठेवणं आहे. सॉकेट सिंक आणि शेगडी यांच्या बरोब्बर वर नकोत. ओट्यापासून वीतभर वर आणि पाण्यापासून दूर असावेत. फ्रिजचा पॉइंट मागे नको, बाजूला हवा, म्हणजे तो हात घालून बंद करता येतो. फ्रिजला एक्स्टेंशन बोर्ड लावू नये.

प्लास्टर व्हायच्या आधी, भिंतीतल्या खाचा उघड्या असताना, मी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढले. जमिनीपासून किती इंचांवर तार आहे, कोपऱ्यापासून कितीवर पाणी आहे, ते त्यात दिसतं. पुढे फळीसाठी भोक पाडताना ड्रिल तारेत गेलं नाही, ते या फोटोंमुळेच.

गॅसचं वागणं समजून घेतलं की त्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की खाली बसतो, कपाटाच्या तळाशी, ओट्याखाली, मोरीच्या जाळीपर्यंत साचतो. हवेत २ टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीची वाट पाहतो. जुन्या उघड्या ओट्याखाली तो पसरून निघून जायचा आणि मिसळलेल्या मर्कॅप्टनचा उग्र वास लगेच यायचा. आता सिलिंडर घट्ट शटरमागे ट्रॉलीवर असतो. म्हणून त्या शटरला जमिनीलगत जाळी हवीच. दिसायला बरं नाही असं म्हणणाऱ्याचं ऐकू नये. पाइपमधून येणारा नैसर्गिक गॅस, जो मुंबईत महानगर गॅसनं आणला आणि आता अनेक शहरांत आहे, तो मुख्यतः मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका. तो वर चढतो, त्यामुळे तिथे झरोका छताजवळ लागतो. दोन्ही गॅसचा दाबही वेगळा, म्हणून एका गॅसची शेगडी दुसऱ्यावर लावताना जेट बदलून घ्यावे लागतात. पाइपगॅसची लाइन हलवायची तर त्या कंपनीचाच माणूस बोलवायचा. प्लंबरला ती खोलू द्यायची नाही, फर्निचरमध्ये गाडायची नाही.

नळी तारेच्या जाळीची नारिंगी सुरक्षा नळीच घ्यावी. ती दीड मीटरच्या आत असावी, लाकडातून किंवा भिंतीतून ओवू नये, शेगडीच्या मागून तापत नेऊ नये. तिच्यावर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी ती बदलायची. गळती शोधायला साबणाचा फेस लावतात. काडी पेटवून पाहणारी माणसं अजून आहेत, त्यांना प्रेमानं पण ठामपणे अडवावं. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर आणि बाहेर जाणारा पाइप ६ इंची, कमीत कमी वळणांचा. चिमणी जितकी हवा बाहेर फेकते तितकी आत यायला वाट लागते, म्हणून ती लावताना खिडकी उघडी ठेवायची. गॅसचा गीझर असेल तर हे आणखी जिवावरचं आहे. कोंडलेल्या खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोप आल्यासारखा कोसळतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसवूच नये.

आमचं काम ४१ दिवस चाललं. सिलिंडर आम्ही उंच भागाखाली ठेवला आणि त्याच्या दाराची खालची वीतभर जागा पितळी जाळीची केली. सुताराला ती पटली नव्हती, नंतर त्यानं स्वतःच्या घरी तशीच लावली. बोर्डाच्या आतल्या बाजूला कुठला एमसीबी कुठल्या पॉइंटचा ते आईनं आपल्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे: मिक्सर, फ्रिज, शेगडीवरचा दिवा.

या होळीला तिनं पुरण घातलं तेव्हा मी दारात उभी होते. ती सरळ जमिनीवर उभी होती, खांदे सैल, हात कढईत गोल फिरत होता. पाट देवघरात परत गेला आहे. यंदा भाऊबीजेला माझा भाऊ त्यावर बसेल.